मारुतीच्या कमरेला पाणी

आईच्या वात्सल्याविषयीं, त्यागाविषयीं आणि कष्टांविषयीं आपल्या भाषेंत इतकें लिहिलें व बोललें गेलें आहे कीं, त्यांत भर घालण्याचा अधिकार माझ्यासारख्या निवृत्त शाळामास्तरास नाहीं. मी आज बोलणार आहें तें आईच्या एका निराळ्याच गुणाविषयीं, ज्याची नोंद सहसा कोणी ठेवीत नाहीं. तो गुण म्हणजे तिचा विनोद.

संसारांतील फजितीवर हंसणारें वाङ्मय आपल्याकडे कमी नाहीं. चिं. वि. जोशी यांच्या चिमणरावांनीं आपल्या घरच्या कथा सांगून कित्येक पिढ्यांस हंसविलें आहे. परंतु अशा कथा सांगणारा बहुधा आरामखुर्चींत बसलेला असतो. त्याच प्रसंगांत चुलीपुढें बसलेल्या व्यक्तीला काय दिसलें, हें छापून येण्याचे योग फार थोडे. ठळक अपवाद लक्ष्मीबाई टिळकांचा. त्यांचीं 'स्मृतिचित्रें' १९३४ ते १९३६ या काळांत चार भागांत प्रसिद्ध झालीं. पैशाच्या बाबतींत बेफिकीर, मनानें उदार अशा कविपतीबरोबरचा संसार त्यांनीं रडगाणें न गातां ज्या गंमतीनें सांगितला आहे, तसा आजहि क्वचितच कोणी सांगत असेल.

लक्ष्मीबाईंचें माहेर नाशिकजवळचें जलालपूर. माझी आई नाशकांतच नांदली, त्यामुळें त्यांच्याविषयीं तिला शेजारणीचा जिव्हाळा वाटे. तेथील सार्वजनिक वाचनालय १८४० सालापासूनचें. तेथूनच अण्णांनीं, म्हणजे माझ्या वडिलांनीं, हें पुस्तक तिला आणून दिलें होतें. दुपारीं भांडीं आटोपल्यावर ती तें वाचीत बसे. परत करतांना म्हणाली, "या बाईंनीं माझ्या आधींच सगळें लिहून टाकलें. आतां मला नुसता स्वयंपाकच करणें आलें." हें पुस्तकाचें कौतुक कीं आपल्याला टोमणा, तें अण्णांना कळेना. ते थोडा वेळ टोपी हातांत घेऊन उभे राहिले आणि पुस्तक परत करावयास गेले.

गोदावरीपासून हाकेच्या अंतरावर एका जुन्या वाड्यांत आमच्या दोन खोल्या होत्या. आजी, अण्णा, आई आणि आम्ही चार भावंडें असा परिवार. अण्णा एका खासगी पेढीवर हिशेबनीस होते. दुसऱ्याचे हिशेब पैपर्यंत जुळविणाऱ्या माणसाचा स्वतःचा हिशेब कधीं जुळत नसे, याचें कारण त्यांची जीभ. वाटेंत भेटलेल्या कोणासहि ते जेवावयास बोलावीत.

आतां मला एका मारुतीची ओळख करून दिली पाहिजे. रामकुंडाच्या परिसरांत गोदावरीच्या पात्रांतच दुतोंड्या मारुती उभा आहे. दोहों बाजूंस तोंडें असलेली ही मूर्ति म्हणजे नाशिककरांचें पूर मोजण्याचें माप. धरणांतून किती पाणी सोडलें याचे आंकडे सरकार देतें. नाशिककर मात्र 'मारुतीच्या गुडघ्याला लागलें', 'कमरेला आलें', 'छातीला आलें' एवढेंच सांगतो, आणि ऐकणाराला सर्व उमगतें. १९६९ च्या सप्टेंबरांतील महापुरांत मारुति पूर्ण बुडाला. मी तेव्हां अकरा वर्षांचा होतों. पाणी वाड्याच्या पायऱ्या चढूं लागतांच आजीनें देव उचलले, अण्णांनीं पेढीच्या वह्या उचलल्या, मीं दप्तर मुद्दाम जमिनीवर विसरलें, आणि आईनें स्टोव्ह व लोणच्याची बरणी घेतली. आजी रागावली. आई म्हणाली, "देव तुमच्याकडे आहेतच. ते रात्रीं जेवायला मागतील तेव्हां कोणीतरी तयारीत नको का?"

पूर ओसरला, मारुतीचें माप मात्र आमच्या घरांत राहून गेलें. पाणी म्हणजे वाण्याची उधारी. पगाराच्या दिवशीं मारुतीचे पाय कोरडे. दहा तारखेस घोटे भिजत. गुडघ्याला लागलें कीं साखरेच्या जागीं गूळ येई. कमरेला आलें कीं भाजीचा रस्सा पातळ होई. "आज भाजीलाहि पूर आला आहे," असें म्हणून ती वाढी. आम्ही मुलें शाळेंतून आल्यावर आधीं विचारीत असूं, "आई, आज कोठवर?" तिच्या उत्तरावरून कोणता हट्ट करावा आणि कोणता गिळावा, हें आम्हांस ठरवितां येई. आपले वडील कमी मिळवितात, असें मात्र आम्हांस कधीं वाटलें नाहीं. नदीला पूर येतो, त्यांत कोणाचा दोष असतो?

अण्णांनाहि तिनें त्याच देवळांत बसविलें होतें. अण्णा पाहुण्यास घेऊन दारांत आले कीं ती आम्हांस हळूच म्हणे, "आले दुतोंड्ये! एक तोंड पाहुण्याकडे, 'जेवूनच जा हो!' आणि दुसरें माझ्याकडे, 'आहे ना गं कांहीं?'" तें दुसरें तोंड इतकें केविलवाणें असे कीं ती पुन्हां पीठ मळावयास घेई. स्टोव्ह आणि अण्णा या दोघांनाहि सकाळीं पिन मारल्यावांचून सुरू होतां येत नाहीं, हेंहि तिचेंच संशोधन.

१९७२ सालीं पावसानें महाराष्ट्रास दगा दिला. रेशनच्या दुकानांत अमेरिकेहून आलेली तांबडी ज्वारी मिळूं लागली. तिला मिलो म्हणत. ती भाकरी ज्यांनीं खाल्ली आहे त्यांना वर्णन नको, आणि ज्यांनीं खाल्ली नाहीं त्यांना तें करून पटणार नाहीं. आम्ही नाकें मुरडलीं, तेव्हां आई म्हणाली, "बोटींतून एवढा प्रवास करून आपल्याकडे आली आहे. लांबच्या पाहुणीला असें तोंड दाखवूं नये." आजीची शंका निराळी होती, परदेशचें धान्य सोवळ्यांत कसें चालावें? आईनें गंभीरपणें उत्तर दिलें, "सासूबाई, अख्ख्या समुद्राचें स्नान करून आली आहे ती. तिच्याइतकें सोवळें या वाड्यांत कोण आहे?" आजीनें भाकरी मोडली.

याच दुष्काळांत, १९७३ च्या फेब्रुवारींत, अण्णांच्या पेढीनें दोन महिने पगार थकविला. पाणी छातीच्या वर गेलें. एके सायंकाळीं आईनें मला पाव किलो गूळ आणि चहाची पुडी आणावयास पाठविलें. दुकानांत चारपांच गिऱ्हाइकें होतीं. वाण्यानें वही चाळीत सहज विचारलें, "काय रे, अण्णा केव्हां येणार?" मी चौदा वर्षांचा, चारचौघांत चमकण्याचें वय. मीं म्हटलें, "आई म्हणते, मारुतीच्या गळ्याला पाणी लागलें आहे."

सारें दुकान खदखदून हंसलें. मीहि हंसलों. वाणी जातीचा नाशिककर. त्याला फोड करून सांगावी लागली नाहीं. बांधलेला गूळ त्यानें पुन्हां ढेपेजवळ ठेवला आणि शांतपणें म्हणाला, "अण्णांना म्हणावें, मागचें मिटवा; मग पुढचें बघूं."

मी रिकाम्या हातानें परतलों. माझ्याआधीं माझा विनोद वाड्यांत पोहोंचला होता. ओट्यावरचीं माणसें अण्णांकडे पाहून 'मारुतराया' म्हणत होतीं, आणि अण्णा ऐकूं न आल्यासारखे जिना चढत होते. रात्रीं त्यांनीं अर्धी भाकरी खाऊन हात धुतला. आईनें मला मारलें नाहीं. ती एवढेंच म्हणाली, "अरे, मारुति नदींत उभा असतो. त्याला दुकानांत कशाला नेलास?"

त्यानंतर आठ दिवस आईनें विनोद केला नाहीं. तसे दिवस मीं पुढें आजारपणांतहि पाहिले नाहींत. ती म्हणे, "चहा संपला." "पीठ उद्यांपुरतें आहे." साधीं, सरळ वाक्यें, पण तीं ऐकतांना पोटांत गोळा येई. घरांत पैसे नाहींत हें आम्हांस वर्षानुवर्षें ठाऊक होतें. आपण गरीब आहोंत हें मला त्या आठवड्यांत प्रथम कळलें. अण्णा खालीं मान घालून जेवीत. पाहुणे आणणें त्यांनीं बंद केलें. पुढें शाळेंत मुलांना व्याकरण शिकवितांना स्वार्थ फळ्यावर लिहिला कीं मला हटकून तीं वाक्यें आठवत.

नवव्या दिवशीं आई आणि अण्णा मिळून बाहेर गेलीं. परत आलीं तेव्हां पिशवींत गूळ होता, चहा होता, गहूं होते, आणि आईच्या हातांत दोन पाटल्या नव्हत्या. पानें वाढलीं. कोणी बोलेना. वाढतांना तिचे हात पुन्हां पुन्हां समोर येत आणि आम्ही पानाकडे पाहत असूं. तेवढ्यांत अण्णा, ज्यांनीं जन्मांत कधीं कोटी केली नव्हती, ते घसा साफ करून आजीला म्हणाले, "आई, यंदा पाणी थेट सराफ बाजारांत शिरलें म्हणायचें."

नाशकांत पाणी सराफ बाजारांत शिरलें म्हणजे मोठा पूर. एक क्षणभर शांतता झाली. मग आईच्या हातांतलें उलथनें खालीं पडलें आणि ती पदर तोंडाशीं धरून हंसूं लागली. आजी हंसली, बहिणी हंसल्या. सर्वांत शेवटीं, परवानगी मिळाल्यासारखा, मी हंसलों. अण्णांनीं त्या रात्रीं तीन भाकरी खाल्ल्या.

त्या पाटल्या परत आल्या नाहींत. १९८० सालीं, मास्तरकीच्या नोकरींत चार पैसे सांठल्यावर, मीं तिला तशाच दोन करून दिल्या. ती हात पुढें धरून पाहत म्हणाली, "हें माझें गंगापूरचें धरण. पुढच्या पुराला उपयोगी पडेल." पडलेंहि, धाकट्या बहिणीच्या लग्नांत तें सोडावें लागलें.

आतां आई नाहीं, अण्णा नाहींत, वाडाहि नाहीं. मारुति आहे. पावसाळ्यांत पुतण्या नाशकाहून मोबाईलवर त्याचें छायाचित्र पाठवितो, आणि मी चष्मा लावून स्वयंपाकघराकडे तोंड करून सांगतों, "अगं, कमरेला आलें बरें का!"

आंतून आमच्या मंडळींचा आवाज येतो, "नदीचें सांगतां, कीं आपल्या पेन्शनीचें?"