पेढी निवडताना

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या तरुणांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावर घरांच्या दलालीसारखा विषय निघावा, याचे काहींना नवल वाटेल. आपल्या घरांतून 'दलाल' हा शब्द फारशा आदराने कधी उच्चारला गेला नाही. परंतु येथे बंगळूरमध्ये आपली काही मुले-मुली या व्यवसायाकडे वळू पाहत आहेत, आणि "काका, कोणत्या पेढीत जाऊ?" असे मला विचारतात. कार्यवाहांनी त्याचे उत्तर सर्वांसमक्ष द्यावयास सांगितले, म्हणून उभा आहे.

प्रथम माझी चूक सांगतो. १९९६ साली कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेऊन मी एका पेढीत शिरलो. तेथे दलालीत निम्मा वाटा मिळणार होता. इतरत्र तिसरा हिस्सा देऊ करीत होते. मी एवढेच पाहिले. पहिल्याच वर्षी याच मंडळातील एका कुटुंबाला मी शहराच्या सीमेवरील भूखंड घेऊन दिला. पुढे कळले, की ती 'रेव्हेन्यू साइट' होती. शेतजमीन बिनशेती न करताच तुकडे पाडून विकलेली. पेढीला हे ठाऊक होते. मी विचारले नव्हते. घराचा नकाशा मंजूर होईना, बँक कर्ज देईना. ते गृहस्थ मला एका शब्दाने बोलले नाहीत. पण त्या वर्षी गणेशोत्सवात आरतीला त्यांच्या शेजारी उभे राहण्याचे धैर्य मला झाले नाही.

ती पेढी सोडून मी कमी वाट्यावर दुसरीकडे गेलो. तेथील वृद्ध मालकांनी सहा महिने मला गिऱ्हाइकासमोर बसूच दिले नाही. उपनिबंधकाच्या कचेरीतून बोजाचा दाखला काढणे, खाता-उतारा वाचणे, जुन्या खरेदीखतांची साखळी जुळविणे, एवढेच करवून घेतले. दस्त कन्नडमध्ये, म्हणून कन्नड वाचावयास शिकविले. पुढचा माझा सारा संसार त्या सहा महिन्यांवर उभा राहिला. म्हणून पहिली कसोटी ही : पेढी काय देते हे विचारण्याआधी ती काय शिकवते, हे विचारा.

दुसरी कसोटी कायद्याची. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६, ज्याला आपण 'रेरा' म्हणतो, तो १ मे २०१७ पासून पूर्णपणे अमलात आला. त्याच्या कलम ९ प्रमाणे नोंदणीकृत प्रकल्पातील घर वा भूखंड विकून देणाऱ्या मध्यस्थाने स्वतःचीही नोंदणी केली पाहिजे. न केल्यास दररोज १० हजार रुपये दंड, आणि तो मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत वाढू शकतो. ही नोंदणी त्या त्या राज्यापुरतीच असते. तेव्हा पेढीची नोंदणी चालू आहे काय, आपण तिच्या क्रमांकाखाली काम करावयाचे की स्वतंत्र नोंदणी घ्यावयाची, हे विचारा आणि प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर स्वतः पडताळून पाहा. कलम १३ प्रमाणे नोंदणीकृत करारापूर्वी बांधकाम व्यावसायिकाला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. जी पेढी म्हणेल, "आधी वीस टक्के भरून घ्या, करार मागाहून पाहू," तिला तेथूनच नमस्कार करावा.

तिसरी कसोटी हिशेबाची. उदाहरणादाखल ६० लाखांचे घर व २ टक्के दलाली धरा. १ लाख २० हजार झाले. निम्मा वाटा ६० हजार. पण जाहिरात, प्रवास, दूरध्वनी यांचा २५ हजारांचा खर्च तुमच्या माथी असेल, तर हाती ३५ हजार उरतात. दुसरी पेढी सर्व खर्च सोसून तिसरा हिस्सा देत असेल, तर ४० हजार. मोठा आकडा नेहमीच मोठा नसतो. शिवाय बांधकाम व्यावसायिकाकडून पैसे आल्यावर तुमचा वाटा किती दिवसांत मिळणार, तुम्ही आणलेले गिऱ्हाईक कोणाचे, आणि पेढी सोडलीत तर अपुऱ्या राहिलेल्या व्यवहारांचे काय, हे लेखी घ्या. तोंडी वचनावर माझे दोन व्यवहार बुडाले आहेत. आणि घरात सहा महिन्यांच्या खर्चाची तरतूद असल्याखेरीज नोकरी सोडू नका. गरजेपोटी माणूस नको तो भूखंड दाखवू लागतो.

परगावी आपल्याला ओळखणारी कुटुंबे मोजकीच असतात. पहिले गिऱ्हाईक बहुधा त्यांतूनच मिळते, आणि चुकलेल्या व्यवहारानंतर पुन्हा भेटायचे असते तेही त्यांनाच.

ते गृहस्थ आता हयात नाहीत. गेल्या वर्षी त्यांचा नातू घराचे कागद घेऊन माझ्याकडे आला. "आजोबा सांगत, कागद काकांना दाखवल्याशिवाय सही करू नकोस," एवढेच म्हणाला. ते कागद मी तीनदा वाचले.