ज्यू कोण, हे कोणी ठरवायचं?



देव आहे की नाही, असला तर कसा आहे, यावरून आधुनिक ज्यू समाजात भांडणं पुष्कळ झाली. पण त्यातून माणूस समाजाबाहेर फेकला गेला, असं सहसा झालं नाही. एकोणिसाव्या शतकात बॉन विद्यापीठात अब्राहम गायगर आणि सॅमसन राफाएल हिर्श एकत्र शिकत होते, एकमेकांचे स्नेही होते. पुढे गायगर सुधारणावाद्यांचे अग्रणी झाले, तर हिर्श सनातन्यांचे. दोघांनी एकमेकांवर कडक टीका केली, तरी दोघेही ज्यूच राहिले.

विसाव्या शतकातलं उदाहरण मोर्डेकाय कॅप्लन यांचं. न्यूयॉर्कच्या ज्यू थिऑलॉजिकल सेमिनरीत त्यांनी ५० वर्षांहून अधिक काळ शिकवलं. चमत्कार घडवणारा देव त्यांना मान्य नव्हता. देवानं निवडलेले लोक ही कल्पना तर त्यांनी प्रार्थनेतूनच काढून टाकली. तरी शब्बाथ (शनिवारचा विश्रांतीचा दिवस) आणि खाण्यापिण्याचे नियम ते पाळत. ज्यू असणं म्हणजे त्या लोकांची भाषा, सण, कायदा आणि आठवणी यांच्यात नांदणं, अशी मांडणी त्यांनी १९३४च्या ग्रंथात केली. १९४५च्या जूनमध्ये न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात सनातनी रब्बींनी (धर्मगुरूंनी) जमून त्यांना बहिष्कृत केलं आणि तिथेच त्यांचं प्रार्थनापुस्तक जाळलं गेलं. नाझी जर्मनीचा पाडाव होऊन जेमतेम महिना झाला होता! ज्यूंची पुस्तकं जिथं जाळली गेली तो देश अजून धुमसत होता, आणि इकडे ज्यूंच्याच सभेत ही आग लागली. हे वाचताना मला आजही अस्वस्थ होतं. पण त्या बहिष्काराला सरकारी शिक्का नव्हता. कॅप्लन दुसऱ्या दिवशीही शिकवू शकत होते.

इस्रायलमध्ये तो शिक्का आला आणि सगळं बदललं. १९६२ सालचीच दोन प्रकरणं घ्या. ओस्वाल्ड रुफाइझेन हा पोलंडचा ज्यू. युद्धात त्यानं मीर गावच्या ज्यू वस्तीतल्या शेकडो ज्यूंचा जीव वाचवला. पुढे तो ख्रिस्ती झाला, मठवासी ब्रदर डॅनियल म्हणून इस्रायलला आला आणि ज्यू या नात्यानं नागरिकत्व मागू लागला. धर्मशास्त्रानुसार ज्यू आईचा मुलगा ज्यूच राहतो. तरीही सर्वोच्च न्यायालयानं नकार दिला. धर्म बदललेल्याला सामान्य माणूस ज्यू म्हणणार नाही, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं.

दुसरं प्रकरण आपल्या कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंचं. अलिबाग-पेणकडचे हे शनिवार तेली शतकानुशतकं शनिवारी घाणा बंद ठेवत आले, सुंता करत आले, एलियाहू हन्नाबीच्या (प्रेषित एलियाहूच्या) नावानं मलिदा करत आले. त्यांनी धर्म बदललेला नव्हता. तरी त्याच वर्षी ज्यूंच्या लग्नांचा अधिकार हाती असलेल्या मुख्य रब्बिनेटनं, म्हणजे सनातनी रब्बींच्या सरकारी मंडळानं, लग्न नोंदवणाऱ्यांना आदेश दिला की बेने इस्रायली वधू-वरांच्या आईची, आजीची, त्याहीमागची वंशावळ तपासा. या लोकांत घटस्फोट आणि पुनर्विवाह शास्त्राप्रमाणे झाले होते का, अशी शंका होती. लग्न ठरलेली मुलगी नोंदणी कचेरीत जायची आणि तिथे तिच्या पणजीचा घटस्फोट निघायचा! बेने इस्रायली जेरुसलेममध्ये धरणं धरून बसले. १९६४च्या ऑगस्टमध्ये संसदेनं हे सर्वार्थानं ज्यू आहेत असं जाहीर केलं. त्यानंतर रब्बिनेटनं आदेशातलं त्यांचं नाव काढलं, आणि ज्यांच्या वंशाबद्दल शंका असेल ते सगळे, असा मोघम शब्दप्रयोग ठेवला.

म्हणून पंथांच्या सहजीवनाचा विचार करताना मी प्रथम विवाहनोंदणीकडे पाहतो. श्रद्धेच्या वादात दोन रब्बी एकमेकांना चुकीचं ठरवून घरी जाऊ शकतात. लग्नाच्या नोंदीत मात्र एकाच्या नकारानं दुसऱ्याचा संसार अडतो. ही नोंद कुठल्याही एका पंथाच्या हाती असू नये, असं माझं ठाम मत आहे.

मार्च २०२१मध्ये इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयानं रिफॉर्म (सुधारणावादी) आणि कॉन्झर्व्हेटिव्ह (मध्यममार्गी) रब्बींनी देशात दिलेली धर्मदीक्षा नागरिकत्वासाठी ग्राह्य धरली. विवाहाचा अधिकार मात्र आहे तिथेच आहे. नागरी विवाहाची सोय देशात नाही, त्यामुळे अनेक जोडपी सायप्रसला जाऊन लग्न लावतात, आणि परत आल्यावर सरकार ते नोंदवून घेतं.