आकाशावर हक्क कोणाचा?

संक्रांतीच्या दिवसांत गच्चीगच्चीवरून पतंग उडू लागले म्हणजे शेजारीपाजारी सहसा तक्रार करीत नाहीत. पतंग दुसऱ्याच्या छपरावरून जातो, त्याच्या अंगणातील झाडात अडकतो, कटला तर त्याच्या दारात येऊन पडतो. परंतु 'आमच्या घरावरून पतंग उडविण्याचा तुम्हांला हक्क काय?' असे कोणी विचारीत नाही. तोच शेजारी हातभर रुंदीचा ड्रोन घरघरत कुंपणावरून येताना पाहतो, तेव्हा मात्र मुकाट्याने खिडकी लावून घेतो. वस्तुतः कायद्याने या दोहोंना एकाच पंक्तीस बसविले होते. १९३४ च्या भारतीय विमान कायद्यात 'विमान' या शब्दाची जी व्याख्या होती, तीत फुगे व ग्लायडर यांच्या जोडीला पतंगाचाही समावेश होता. मग एकाचे कौतुक आणि दुसऱ्याचा संशय, असा भेद लोकमानसात का उत्पन्न व्हावा? आणि केवळ हौसेखातर ड्रोन उडविणे हा नागरिकाचा हक्क मानावयाचा, की इतरांनी दिलेली एक सवलत?

प्रथम हौशी मंडळींची बाजू पाहणे न्याय्य ठरेल. विमानाच्या प्रतिकृती तयार करून त्या उडविण्याचा छंद ड्रोनहून पुष्कळ जुना आहे. राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई विभागात तो शिक्षणाचाच एक भाग मानला जातो. हलक्या लाकडाचे पंख तासणे, त्यांचा तोल साधणे, ते पडले-मोडले म्हणजे पुन्हा जोडणे, यांत महिने जात. शिकणाऱ्यास जाणत्याची सोबत लागे आणि उड्डाणासाठी मोकळे मैदान लागे. त्यामुळे हाती यंत्र येण्यापूर्वीच अंगी थोडीबहुत शिस्त येई. ड्रोनने ही उमेदवारीच अनावश्यक केली. त्याचा तोल यंत्रातील संवेदक क्षणोक्षणी सांभाळतात, त्याचे स्थान उपग्रहांच्या साहाय्याने ठरते, आणि सकाळी खोके उघडणारा मनुष्य सायंकाळी गावावरून फेरी मारून येतो. छंद थोड्यांच्या हातून बहुतांच्या हाती गेला, ही गोष्ट वाईट नव्हे. परंतु त्याबरोबरच यंत्रास कॅमेरा जडला, आणि उडणाऱ्या वस्तूस पाहण्याची दृष्टी आली. लोकांच्या नापसंतीचे पहिले कारण हेच होय.

दुसऱ्या बाजूस घरमालक उभा आहे. 'ज्याची जमीन, त्याचे वरचे आकाश' हा पाश्चात्त्य कायद्यातील जुना दंडक. विमाने आल्यावर तो टिकणे शक्य नव्हते. अमेरिकेतील उत्तर कॅरोलायना राज्यात ग्रीन्सबरोजवळ कॉस्बी नावाचे एक कुक्कुटपालक कुटुंब होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लष्करी विमाने त्यांच्या जमिनीवरून अवघ्या ८३ फुटांवरून जाऊ लागली. भेदरलेल्या कोंबड्या भिंतींवर आपटून सुमारे १५० मेल्या आणि धंदा बुडाला. १९४६ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, आकाशाच्या अंतापर्यंत जमीनमालकाची सत्ता चालते हे तत्त्व आजच्या जगात ग्राह्य नाही; तथापि जमिनीचा उपभोग घेण्यासाठी लगतच्या वरच्या जागेवर त्याचा जेवढा ताबा आवश्यक आहे, तेवढा त्याचाच होय. हिंदुस्थानच्या १९३४ च्या कायद्याचा रोखही असाच होता. परिस्थिती पाहता वाजवी म्हणता येईल अशा उंचीवरून विमान गेले, तर केवळ तेवढ्यावरून दावा चालणार नाही, असे त्यात म्हटले होते. सारा वाद त्या 'वाजवी' शब्दात साठलेला आहे. मोठे विमान उंचावरूनच जाते. ड्रोनचा संचार मात्र नेमका घराचे छप्पर आणि विमानाचा मार्ग यांच्यामधील पट्ट्यात होतो, जेथे मालकाची सीमा कोणीच नीट आखलेली नाही.

सीमा आखलेली नसली म्हणजे मनुष्य ती स्वतःच आखू पाहतो. २०१५ च्या जुलै महिन्यात अमेरिकेच्या केंटकी राज्यात एका गृहस्थाने आपल्या घरावर आलेला ड्रोन बंदुकीने पाडला. तो आपल्या मुलींवर नजर ठेवीत होता, असे त्याचे म्हणणे. ड्रोनच्या मालकाने हा आरोप नाकारला. स्थानिक न्यायालयाने गोळी झाडणाऱ्यावरील आरोप रद्द केले आणि ड्रोनमालकाचा दावा केंद्रीय न्यायालयाने २०१७ साली अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर काढून टाकला. आकाश कोणाचे, हा मूळ प्रश्न अनिर्णीतच राहिला.

याहून गंभीर गोष्ट भीतीची आहे. २०२४ च्या पावसाळ्यात पुणे, बीड, जालना या जिल्ह्यांतील अनेक खेड्यांत रात्री ड्रोन घिरट्या घालीत असल्याच्या वार्ता पसरल्या. चोर आधी वरून घरे हेरतात, अशी बोलवा उठली. दिवसभर शेतात राबलेल्या माणसांनी रात्री काठ्या घेऊन गस्त घातली. दिवे खरोखर ड्रोनचे होते की काय, असले तर कोणाचे व कशासाठी, याचा उलगडा वेळच्या वेळी करून देणारे कोणी नसल्यामुळे अफवेला रान मोकळे मिळाले. इंग्लंडसारख्या देशातही निराळे घडले नाही. २०१८ च्या डिसेंबरात गॅटविक विमानतळाजवळ ड्रोन दिसल्याच्या वार्तेने सुमारे १,००० उड्डाणे विस्कळीत झाली व सुमारे १,४०,००० प्रवासी खोळंबले. पोलिसांनी एका दांपत्यास पकडले, त्यांची नावे जगभर झाली, आणि काही आरोप न ठेवता त्यांना सोडून द्यावे लागले. खरा अपराधी कधीच सापडला नाही. अज्ञात उड्डाणाने जसा गावकरी भयभीत होतो, तसा निरपराध हौशी मनुष्यही संशयाच्या भोवऱ्यात सापडतो, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे.

मग हा हक्क आहे काय? भारतीय संविधानात उड्डाणाचा हक्क म्हणून काही सांगितलेला नाही. उलट २०१७ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगी जीवनाची अभेद्यता हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. स्त्रीचे तिच्या एकांतात चोरून चित्रण करणे हा तर २०१३ पासून स्वतंत्र गुन्हा आहे. तेव्हा गच्चीवर वाळवण घालणाऱ्या गृहिणीचा निवांतपणा आणि शेजारच्या तरुणाची हौस यांत विरोध आला, तर हौसेनेच माघार घेतली पाहिजे, याविषयी मतभेद होऊ नये.

परंतु मूलभूत हक्क नाही, म्हणून सरसकट मनाई करावी, हा युक्तिवादही तितकाच सदोष आहे. सुसंस्कृत राज्यात ज्या गोष्टीने कोणाचे नुकसान होत नाही, ती करण्यास नागरिक मोकळा असतो. मनाईचे कारण देण्याची जबाबदारी मनाई करणाऱ्यावर असते. भारताने दोन्ही वाटा चालून पाहिल्या आहेत. २०१४ च्या ऑक्टोबरात नागरी ड्रोनवर सरसकट बंदी आली आणि ती २०१८ च्या डिसेंबरपर्यंत राहिली. या काळात ड्रोन नाहीसे झाले नाहीत. लग्नसमारंभांत ते सर्रास उडत होते. बंदीने एवढेच साधले की, काळजीपूर्वक उडविणारा व बेफिकीर उडविणारा हे दोघेही सारखेच अपराधी ठरले. २०२१ च्या नियमांनी दृष्टी पालटली. नकाशावर हिरवे, पिवळे व तांबडे असे पट्टे आखले गेले. हिरव्या पट्ट्यात ४०० फुटांपर्यंत पूर्वपरवानगी लागत नाही. तांबड्यात केंद्र सरकारच्या अनुज्ञेवाचून उडविता येत नाही. २५० ग्रॅमपर्यंतचा कोणताही, व २ किलोपर्यंतचा बिगरव्यापारी ड्रोन चालविण्यास चालकाचा परवाना लागत नाही. म्हणजे स्वातंत्र्य हा नियम व मनाई हा अपवाद, असे निदान या हिरव्या पट्ट्यापुरते मान्य झाले.

तथापि हिरवा पट्टा विमानांची सुरक्षितता पाहतो, शेजाऱ्याच्या मनाची शांतता पाहत नाही. येथे पुन्हा पतंगाकडे वळणे उपयुक्त होईल. पतंग लोकांना सलत नाही, कारण त्यास दोर असतो. दोर पाहत पाहत गेले की उडविणाऱ्याचा हात सापडतो. तो कोणाचा मुलगा, हे आळीला ठाऊक असते. ड्रोनचा दोर अदृश्य आहे. अमेरिकेत २०२३ च्या सप्टेंबरापासून बहुतेक ड्रोनांनी आपली ओळख, स्थान व उडविणाऱ्याचे ठिकाण बिनतारी संदेशाने उड्डाणभर प्रकट करीत राहावे, असा नियम लागू झाला. ही आपल्यावरच पाळत आहे, अशी तक्रार एका हौशी उड्डाणकाराने न्यायालयात नेली होती. ती २०२२ साली फेटाळली गेली. तक्रार पोकळ नव्हती, कारण उडविणाऱ्याचे ठिकाण वाटेल त्यास कळणे धोक्याचेही होऊ शकते. परंतु जो उघड्या आकाशातून दुसऱ्याच्या अंगणात पाहू शकतो, त्याने स्वतः मात्र पडद्याआड राहण्याचा आग्रह धरावा, हे शोभत नाही.

पतंगाचा आणखी एक धडा आहे. नायलॉनच्या मांज्याने पक्षी व माणसे जखमी होऊ लागली, तेव्हा राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ साली बंदी घातली ती मांज्यावर, पतंगावर नव्हे. ड्रोनच्या बाबतीतही अपाय नेमका कोणता, हे ओळखून तेवढ्यालाच आवर घालावा. गावात उड्डाण करण्यापूर्वी ग्रामपंचायतीस किंवा पोलीस पाटलास कळविणे, रात्री वस्तीवरून न जाणे, कोणी हरकत घेताच यंत्र खाली उतरविणे, एवढी रीत हौशी मंडळींनी आपण होऊन पाळली, तर कित्येक ठिकाणी कायद्याला हात घालण्याची वेळच येणार नाही. गावकऱ्यांच्या गस्तीतील काठी आणि केंटकीतील बंदूक या दोहोंमागे एकच प्रश्न होता: वर कोण आहे? ज्या उडविणाऱ्याला या प्रश्नाचे उत्तर नावानिशी देता येते, त्याच्या हौसेला समाज आकाश नाकारणार नाही.