न दुखणारा आजार



1969 साली तारापूरला अणुवीजनिर्मिती सुरू झाली, पुढे बोईसरला औद्योगिक वसाहत विस्तारली आणि या किनारपट्टीचे जीवन घड्याळाच्या काट्यावर आले. शेतात, खाडीवर राबणारे शरीर आता आठ तास यंत्रापुढे उभे असते. पाळी सुटली की चहा, वडापाव आणि तंबाखूची चिमूट!

रक्तदाब वाढला तरी बहुधा काहीच दुखत नाही. म्हणूनच तो घातक. 'त्रास नाही, मग तपासू कशाला?' असे चाळिशी उलटेपर्यंत मीही म्हणत असे.

दिवसाला माणशी 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. खारवलेली मासळी, पापड आणि लोणचे एकाच ताटात आले की ही मर्यादा सहज ओलांडली जाते. मासळी सोडा, असे पालघरकरांना कोण सांगणार? ताजी खावी, खारी भिजवून, पाणी टाकून, बेताने खावी. सोबत पाड्यावरची नाचणीची भाकरी असावी. गरिबीची खूण समजून आपण ती उगाच दूर सारली.

तिशी उलटलेल्यांचा रक्तदाब व रक्तातील साखर प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत तपासली जाते. रात्रपाळी सुटते, तेव्हा केंद्र उघडायला फारसा अवकाश नसतो.