यंत्रमानवाची चाके



यंत्रमानव म्हटले की हातपाय हलवणारा लोखंडी माणूस डोळ्यांसमोर येतो. विद्यार्थ्यांच्या स्पर्धेतला यंत्रमानव मात्र बहुधा चाकांवरच धावतो. आशिया-पॅसिफिकमधील प्रसारण संस्थांच्या संघाने २००२ साली टोकियोत ‘रोबोकॉन’ ही स्पर्धा सुरू केली. २००८ साली ती पुण्यात झाली, तेव्हा खेळ बेतला होता गोविंदाच्या दहीहंडीवर. २०२२ साली दिल्लीत झाली, तेव्हा आपली लगोरी आली! २०२४ साली व्हिएतनामात भाताच्या लावणी-कापणीचा विषय होता. खेळ बदलतो, पण ‘आपली गाडी चालवायची आणि वळवायची कशी?’ हा प्रश्न प्रत्येक संघापुढे असतोच.

पहिली रीत आपल्या ओळखीची आहे. खळ्यावर मेढीभोवती बैलांची पात फिरते, तेव्हा आतला बैल सावकाश चालतो, बाहेरच्याला झपाझप पावले टाकावी लागतात. ट्रॅक्टर धुऱ्यावर वळवताना आपण एका बाजूचा ब्रेक दाबतो, तोही हाच प्रकार. डाव्या आणि उजव्या चाकाला एकेक मोटर. एक हळू, दुसरी जलद, की गाडी वळली. रचना स्वस्त आणि दणकट. उणीव एवढीच, की गाडी सरळ आडवी सरकत नाही. बैलगाडी भिंतीला लावताना कशी मागेपुढे करावी लागते, तसेच हे.

दुसऱ्या रीतीत चाकाच्या कडेला लहान लहान रूळ बसवतात. त्यामुळे चाक पुढे फिरते आणि आडवेही घसरते. अशी तीन चाके त्रिकोणात लावली, की गाडी तोंड न वळवता कुठेही जाते. मात्र तिन्ही मोटरींचा जोर एकाच दिशेला लागत नाही. तिसरी रीत बेंग्ट इलॉन या स्वीडिश अभियंत्याची. तिच्यात रूळ ४५ अंशांनी तिरपे असतात आणि चार चाके साध्या गाडीसारखीच बसतात. चौथ्या रीतीत साधे चाकच स्वतंत्र मोटरीने हव्या त्या दिशेला वळवतात. पकड उत्तम; पण चार चाकांना आठ मोटरी लागतात. वजन वाढते, खर्च वाढतो आणि बिघाडाच्या जागाही वाढतात.

मग श्रेष्ठ कोणती? लगोरीत नेम धरून तोंड समोर ठेवायचे आणि बाजूला सरकायचे असते. तिथे रुळांचे चाक कामाला येते, कारण जमीन गुळगुळीत आणि कोरडी असते. तेच चाक पावसाळ्यात आपल्या परभणीच्या काळ्या रानात उतरवून बघा. चार पावलांत रुळांत चिखल भरेल आणि चाक जाम होईल. कपाशीच्या दोन ओळींत निंदणीचे यंत्र चालवायचे, तर आडवे सरकायचे कारणच काय? तिथे उंच, अरुंद, साधे चाकच बरे. साखळीचा पट्टा लावला तर भार पसरतो, यंत्र कमी रुतते. पण जागच्या जागी वळताना तो माती उकरतो.

हे सांगण्याचे कारण असे. आपल्या भागातली मुले जिंकलेल्या संघाची गाडी पाहतात आणि तशीच करू जातात. बापाने कापूस विकून दिलेले पैसे मोटरींत जातात आणि गाडी गावच्या कामाला येत नाही. नक्कल करण्याआधी जमीन कोणती आणि काम कोणते, हे विचारायला त्यांना कोणी शिकवायचे? ते आपण शिक्षकांनीच.

त्यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. पुठ्ठा, दोन लहान मोटरी, दोन चाके आणि टेकूला फिरते चाक एवढे पुरे. चाकांतले अंतर २० सेंटिमीटर ठेवा. एक चाक थांबवा, दुसरे चालू द्या आणि त्याचा माग खडूने काढा. २० सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ मिळेल, परीघ सुमारे १२६ सेंटिमीटर. मग दोन्ही चाके सारख्या वेगाने उलटसुलट फिरवा. गाडी जागच्या जागी गिरकी घेईल. त्रिज्या आणि परीघ मुलांना डोळ्यांनी दिसतील. नंतर तीच गाडी अंगणातल्या मातीवर, मग ओल्या मातीवर चालवा. माग का बिघडला, ते मुलांनाच सांगू द्या.

मोठी मोटर विकत घेण्याचा विचार त्यानंतर करावा.