पेरणीयंत्रांच्या कारखान्यातली मोटार



मोटारीचा कारखाना म्हटला की मोठे शहर आणि मोठे भांडवल आपल्या डोळ्यांपुढे येते. आज मी तुम्हांला दक्षिण जर्मनीतील डिंगोल्फिंग या लहान गावी नेणार आहे. बव्हेरियातल्या या गावी ग्लास घराण्याचा कारखाना होता. धंदा शेतीच्या अवजारांचा. आपल्याकडे पाभर किंवा तिफण जे काम करते, ते करणारी पेरणीयंत्रे तेथे बनत.

१९४५ साली महायुद्ध संपले. पुढच्या काही वर्षांत कारखान्याचे चालक हान्स ग्लास यांच्यापुढे प्रश्न उभा राहिला. पेरणीयंत्राची विक्री हंगामी असते, कामगाराचे पोट मात्र बारमाही. मुलगा आंद्रेआस याने इटलीत स्कूटर पाहिल्या होत्या. १९५१ मध्ये या कारखान्याचीही स्कूटर बाजारात आली. घरातल्या नातवाचे लाडके नाव 'गोगो'. तेच तिला दिले.

पण स्कूटरवाला पावसात भिजतो आणि बायकोमुलांना बरोबर नेऊ शकत नाही. मोठी मोटार त्याला परवडत नव्हती. शिवाय चालक-परवान्याच्या जुन्या चौथ्या वर्गात २५० घनसेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनाचीच मुभा होती. या अडचणी ओळखून १९५५ साली 'गोगोमोबिल' आली. इंजिन मागे, दोन सिलिंडरचे, २४५ घनसेंटिमीटरचे. लांबी अवघी २.९ मीटर, बसायला चौघे.

तेव्हा जर्मनीत लहान गाड्या इतरही होत्या. बीएमडब्ल्यूच्या इझेटाचे दार फ्रिजसारखे पुढून उघडे. मेसरश्मिटच्या तीनचाकीत माणसे एकामागे एक बसत. गोगोमोबिलला चार चाके होती, दारे बाजूंना होती. ती मोटारीसारखी दिसे. मला यातले मर्म मोठे वाटते. गरजवंताला वस्तू स्वस्त हवी असते, पण त्याची गरज चारचौघांत सांगत फिरणारी नको असते. सुमारे २ लाख ८० हजार गोगोमोबिल तयार झाल्या.

पुढे त्याच गिऱ्हाइकाच्या हाती पैसा आला आणि त्याला मोठी गाडी हवीशी झाली. ग्लासनेही मोठ्या गाड्या काढल्या. १९६२ च्या ग्लास १००४ मध्ये कॅमशाफ्ट फिरवायला साखळीऐवजी दातेरी पट्टा होता. तो पुढे जगभरच्या मोटारींत आला. शेवटी आठ सिलिंडरची गाडीही केली. कल्पकता होती, पण इतकी मॉडेले पेलण्याचे बळ लहान कारखान्यात नव्हते. १९६६ मध्ये बीएमडब्ल्यूने तो विकत घेतला. गोगोमोबिल १९६९ पर्यंत निघत राहिली.

ही अपयशाची कथा म्हणावी काय? ग्लास हे नाव गाड्यांवरून गेले, हे खरे. पण डिंगोल्फिंगमध्ये आज बीएमडब्ल्यूचा अतिशय मोठा कारखाना आहे. हंगाम संपल्यावर कामगारांना काम कोठून द्यायचे, या एका प्रश्नातून त्या गावात मोटारीचा धंदा आला. मालक बदलले, पण धंदा गावातच राहिला. आपल्या गावच्या लहान कारखान्याचा हिशेब मांडताना, मित्रहो, ही नोंदही जमेच्या बाजूला धरा.