परसातील जुना तरणतलाव



वडिलोपार्जित घराबरोबर कधी कधी वडिलोपार्जित अडचणीही वाट्याला येतात. परसातील जुना तरणतलाव ही त्यांपैकीच एक. फरश्या निखळलेल्या, पंप गंजलेला, तळाशी हिरवे पाणी. घरात बैठक बसते. तरुण मंडळींना निळ्या चकचकीत फरश्या हव्या असतात, गृहस्वामीला खर्चाची धास्ती असते आणि घरातील वडील माणूस ‘बुजवून टाका’ म्हणून मोकळे होते. तिघांचेही म्हणणे आपापल्या परीने रास्त आहे. तथापि निर्णय मतांवर न सोडता तपासणीवर सोपवावा, आणि हाती असलेला पैसा न दिसणाऱ्या कामावर आधी व दिसणाऱ्या कामावर शेवटी खर्च करावा, एवढेच आज मला सुचवावयाचे आहे.

प्रथम पाण्याचा हिशेब पाहू. ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी १.४ मीटर खोल अशा लहानशा तलावात सुमारे ४५,००० लिटर पाणी मावते. त्याची पातळी रोज १ सेंटिमीटर उतरली, तरी ३२० लिटर पाणी जाते. यातील किती उन्हाने नेले आणि किती भेगेने, हे ओळखण्याचा उपाय अगदी घरगुती आहे. तलावाच्या पायरीवर एक बादली ठेवावी, तीत तलावाच्या पातळीइतकेच पाणी भरावे, दोन्हीकडे खूण करावी आणि पंप बंद ठेवून एक अहोरात्र थांबावे. दोन्ही पातळ्या सारख्याच उतरल्या, तर तो उन्हाचा प्रताप. तलावाची अधिक उतरली, तर गळती आहे असे समजावे. पाणी उतरत उतरत एखाद्या नळाच्या तोंडाशी येऊन थांबले, तर दोष तेथेच असण्याचा संभव मोठा. या परीक्षेवाचून बसविलेल्या फरश्या पुढे उखडाव्या लागतात.

गळती कळताच तलाव उपसण्याची घाई होते. येथे सबुरी हवी. पावसाळ्यात, विशेषतः गोव्यासारख्या प्रदेशात, जमिनीतील पाणी पुष्कळ वर येते. भरलेला तलाव आपल्या वजनाने त्याचा दाब तोलून धरतो. रिकामा तलाव मात्र होडीसारखा वर उचलला जातो आणि तळ फुटतो. म्हणून जवळच्या विहिरीचे पाणी तलावाच्या तळाखाली गेलेले पाहूनच, हिवाळ्यात किंवा उन्हाळ्यात, उपसा करावा.

इंदूर-बडोद्याकडील काळ्या जमिनीची तऱ्हा निराळी. ती पावसात फुगते, उन्हात आकसते आणि भिंतींना भेगा पाडते. रिकाम्या तलावातील भेगेवर काचेची पातळ पट्टी गिलाव्याने आडवी बसवून ठेवावी. उन्हाळा संपेपर्यंत ती तडकली, तर भेग अजून हलते आहे. तेथे वरवरची मलमपट्टी व्यर्थ, अभियंत्याचा सल्लाच घ्यावा. बांधकाम मुळात चुन्याचे असेल, तर त्यावर कडक सिमेंटचा गिलावा फार काळ टिकत नाही. चुन्याचे काम जाणणारा गवंडी शोधावा.

आता खोलीचा विचार. सूर मारण्याच्या हौसेने काही जुन्या तलावांचे एक टोक ८-१० फूट खोल केलेले असते. ते भरून साडेचार फुटांवर आणल्यास पाणी, औषध आणि धोका, तिन्ही कमी होतात. मात्र सूर मारण्याची फळी त्याच दिवशी काढून टाकावी. ४५,००० लिटर पाणी ६ तासांत एकदा गाळून निघण्यास ताशी ७,५०० लिटरचा पंप पुरतो. विनाकारण मोठा पंप घेणे म्हणजे विजेचे बिल वाढविणे होय.

एका बाबीत मात्र काटकसर नको. तळाच्या निचऱ्याला एकच तोंड असेल, तर पंपाची ओढ लहान मुलास तेथे जखडून ठेवू शकते. तेथे जाळी बसविलेली, एकमेकांपासून दूर अशी दोन तोंडे हवीत. पाण्यातील दिवे १२ व्होल्टचे असावेत, वीज जमिनीकडे गळू लागताच प्रवाह तोडणारे साधन असावे, आणि सभोवती ४ फूट उंच कुंपण व आपोआप मिटणारे फाटक असावे. एवढे झाल्यावर जे उरेल, ते शोभेसाठी. रंग स्वस्त पडतो, पण काही वर्षांनी पुन्हा द्यावा लागतो. फरशी महाग, पण दीर्घकाळ टिकते. पाण्याच्या रेषेलगत फरशीची एक ओळ आणि खाली गुळगुळीत गिलावा, हा मधला मार्ग चांगला.

हेही झेपत नसेल, तर तलाव बुजविण्यात कमीपणा नाही. मात्र तळाला भोके पाडल्याशिवाय माती लोटू नये. पावसाचे पाणी आत कोंडून परसाची दलदल होईल. अथवा पक्के झाकण घालून त्यात छपराचे पाणी साठवावे. १०० चौरस मीटर छपरावर ४५० मिलिमीटर पाऊस पडला आणि तो वाया गेला नाही, तर तेच ४५,००० लिटर पाणी आकाशातून फुकट मिळते.

पोहण्यास ठेवा, साठवणीस ठेवा किंवा बुजवा. तिन्ही निर्णय शहाणपणाचे ठरू शकतात. ‘पुढच्या वर्षी पाहू’ म्हणून हिरव्या पाण्याचा उघडा तलाव तसाच ठेवणे, हा मात्र निर्णय नव्हे. तेथे डास वाढतात आणि खेळता खेळता एखादे मूल त्यात पडू शकते. पैसे जमेपर्यंत थांबणे भाग असेल, तर निदान कुंपण आजच घालावे.